शेपटाचा प्रत्यय

माणसाची पारख बोलण्यावरून करावी, बैलाची दातांवरून आणि शब्दाची शेपटावरून, असे एक सुभाषित संस्कृतात असायला हवे होते. माझ्या तरी वाचनात ते नाही, म्हणून आपले मराठीत करून ठेवतो. शब्दाचे तोंड पाहून काहीच कळत नाही. ‘पे’ म्हणजे पैसे देणे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण ‘पेअर’ म्हणजे देणारा आणि ‘पेई’ म्हणजे घेणारा, हे अंगवळणी पडायला बँकेत नोकरी करावी लागते. तोंड तेच, नुसते शेपूट बदलले की एकाचा खिसा हलका होतो आणि दुसऱ्याचा जड.

शब्दाच्या या शेपटाला व्याकरणात प्रत्यय म्हणतात. ज्या कोणा पूर्वजाने हे नाव ठेवले त्याला माझा साष्टांग नमस्कार. कारण प्रत्यय म्हणजे शब्दाला मागून चिकटणारे अक्षर, आणि प्रत्यय म्हणजे अनुभवाने पटलेली खात्रीही. ‘साहेबांच्या स्वभावाचा प्रत्यय आला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तोही मागूनच आलेला असतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ऐन बाविशीत, १८३६ साली, ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापून काढले आणि तेव्हापासून मराठी पोरांच्या मागे विभक्तीचे प्रत्यय लागले. ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’, ‘ने-ए-शी, नी-शी-ई-ही’ हे आमच्या वर्गात पाढ्यांच्या चालीवर म्हटले जाई. त्याचा पुढच्या आयुष्यात काही उपयोग होईल असे ना मुलांना वाटे, ना मास्तरांना. तो होतो, एवढेच मला या लेखात सिद्ध करायचे आहे.

आम्हां कॉमर्सवाल्यांना भाषेतले काय कळते, असा एक समज आर्ट्सच्या मंडळींत प्रचलित आहे. खरे म्हणजे इंग्रजी प्रत्ययांचा अभ्यास बी. कॉम.इतका दुसरीकडे कुठे होत नसेल. व्यापारी कायद्याचे पुस्तक उघडा. १८७२ चा करारांचा कायदा, १८८१ चा चेक-हुंड्यांचा, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा. तिन्हींत माणसे अशी नाहीतच. आहेत ती फक्त शेपटे. ड्रॉअर आणि ड्रॉई, बेलर आणि बेली, असाइनर आणि असाइनी, मॉर्गेजर आणि मॉर्गेजी. परीक्षेच्या आदल्या रात्री चाळीच्या गॅलरीत फेऱ्या घालीत हे पाठ करणारा मुलगा पाहून शेजारच्या काकू म्हणत, “कसली रे ही नावं? ख्रिश्चनांची का?”

नियम मात्र सोपा आहे. ‘अर’ करतो आणि ‘ई’ला केले जाते. एम्प्लॉयर नोकरी देतो, एम्प्लॉयीला ती मिळते. ट्रेनर शिकवतो, ट्रेनी शिकतो. पण काउंटरवर बसल्यावर हा नियम गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणे म्हणजे दिव्यच. घर गहाण टाकून कर्ज काढणारा बिचारा मनुष्य आपल्याला ‘मॉर्गेजी’ समजत असतो, कारण ‘ई’ हे शेपूटच मुळी गरीब वाटते. प्रत्यक्षात गहाण ‘देतो’ तो असतो, म्हणून मॉर्गेजर तो. आणि घेते ती बँक, म्हणून मॉर्गेजी बँक. आयुष्यात पहिल्यांदा ‘अर’ व्हायची संधी मिळते ती घराचे कागद दुसऱ्याच्या कपाटात ठेवून, हा या कायद्यातला विनोद आहे.

हे ‘ई’ आले कुठून, त्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि कोर्टकचेरीत फ्रेंच भाषा जाऊन बसली. फ्रेंचमध्ये ‘केलेला’, ‘दिलेला’, ‘नेमलेला’ अशा अर्थाची रूपे ‘ए’ने संपतात, त्या ‘ए’चे वकिलांच्या तोंडी ‘ई’ झाले. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे पक्षकार इंग्रजीत रडत होते आणि वकील फ्रेंचमध्ये भांडत होते. शेवटी १३६२ साली कायदा करावा लागला, की लोकांना फ्रेंच कळत नाही, तेव्हा कोर्टातले बोलणे इंग्रजीत व्हावे. आणि हा कायदा कोणत्या भाषेत लिहिला? फ्रेंचमध्ये! आपल्याकडच्या परिपत्रकांचे मूळ घराणे कोणते, याबद्दल माझ्या मनात तरी आता शंका उरलेली नाही.

‘कमिटी’ हा शब्दही याच कुळातला. मुळात कमिटी म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले आहे असा एक माणूस. पुढे इंग्रजांनी त्याचा घोळका केला. आमच्या हाउसिंग सोसायटीने मात्र मूळ अर्थ निष्ठेने जपला आहे. कागदोपत्री कमिटी नऊ जणांची. टाकीचा पंप बंद पडला की ती एकट्या सेक्रेटरीची होते.

मराठीने हा ‘अर’ आणि ‘ई’चा पेच आपल्या पद्धतीने कधीच सोडवून ठेवला होता. जुने खरेदीखत पाहा. एका बाजूला ‘लिहून देणार’, दुसऱ्या बाजूला ‘लिहून घेणार’. देणार आणि घेणार. वाचणाऱ्याला वकील लागत नाही. कर्जाच्या व्यवहारात ‘धनको’ आणि ‘ऋणको’. किती गोड शब्द! मावशीकडची दोन जुळी पोरे असावीत तसे.

पण म्हणून मराठी सोवळी होती असे नाही. इंग्रजीच्या घरात जसे फ्रेंच, तसे आपल्या घरात फारसी. आमच्या बँकेतून फारसी शेपटे काढून टाकली, तर संध्याकाळी कुलूप लावायलाही कोणी उरणार नाही. खातेदार, ठेवीदार, कर्जदार, जामीनदार, भागीदार आणि सर्वांत मोठा समाज म्हणजे थकबाकीदार. हे ‘दार’ म्हणजे घराचे दार नव्हे. ‘धारण करणारा, बाळगणारा’ असा त्याचा फारसीत अर्थ. खाते बाळगतो तो खातेदार. इंग्रजीतला ‘अकाउंट होल्डर’ अक्षरशः तेच सांगतो. इराणातला आणि इंग्लंडातला माणूस एकाच काउंटरवर एकच गोष्ट धरून उभे आहेत आणि मध्ये आम्ही ‘सही जुळत नाही’ म्हणून दोघांना परत पाठवतो आहोत.

दुसरे शेपूट ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. त्याचे घासून घासून झाले ‘नीस’. फडनवीस, फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस, वाकनीस. पोतनीस म्हणजे खजिन्याचा हिशेब लिहिणारा, म्हणजे आमचा कॅशियरच की. शिवाजीमहाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास ही शेपटे उतरवायला घेतली. मुजुमदाराचा अमात्य केला, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती. रघुनाथपंतांकडे काम सोपवून ‘राज्यव्यवहारकोश’ नावाचा शब्दांचा कोशच तयार करवून घेतला. राज्य मिळवल्यावर पहिल्या काही कामांत शब्दांची शेपटे तपासणारा राजा जगात विरळा. तलवारीने मुलूख हाती येतो. पण कागदावर कोणाचे शेपूट हलते आहे, त्यावरून सत्ता कोणाची ते कळते, हे त्या राजाला ठाऊक होते.

पण लोक मोठे विलक्षण. त्यांनी अमात्य आणि सचिव इतिहासाच्या पुस्तकात ठेवले आणि मुजुमदार नि चिटणीस दाराच्या पाटीवर. पदे गेली, राज्ये गेली, पगार तर केव्हाच गेले. शेपटे आडनावे होऊन राहिली. पारश्यांनी तर इंग्रजी शेपटांची आडनावे करून क्रिकेटच्या मैदानावर उतरवली. नरी कॉन्ट्रॅक्टर भारताचे कप्तान झाले आणि फरोख इंजिनिअर यष्टींमागे उभे राहिले. इंग्रजाच्या भाषेचे शेपूट धरून इंग्रजालाच यष्टिचीत करणे, याहून मोठा सूड कोणता?

माझ्या स्वतःच्या हुद्द्याचेच घ्या. आजोबांच्या काळात हे काम करणाऱ्याला कारकून म्हणत. या शब्दावर आजवर इतके विनोद झाले, की त्याचा अर्थ पाहायची कोणाला सवडच झाली नाही. फारसीत ‘कार’ म्हणजे काम आणि ‘कुन’ म्हणजे करणारा. कारकून म्हणजे काम करणारा! पुढे इंग्रजी आले आणि कारकुनाचा क्लार्क झाला. क्लार्क हा मूळचा चर्चमधला माणूस. मध्ययुगात लिहिता-वाचता येणारा म्हणजे धर्मोपदेशकच असायचा, म्हणून लिहिणाऱ्याला ते नाव पडले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० सालीच भाषा संचालनालय निघाले, १९६२ साली ‘पदनाम कोश’ आला आणि क्लार्कचा लिपिक झाला. त्या कोशाची तेव्हा यथेच्छ टिंगल झाली. पण संचालक, आयुक्त, अधीक्षक हे शब्द आज कोणाला टोचत नाहीत. आता नव्या जाहिरातींत क्लार्कच्या जागेला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. हे ‘एट’ लॅटिनमधून आले. त्याचाही अर्थ ‘केला गेलेला’ असाच. असोसिएट म्हणजे जोडला गेलेला, ग्रॅज्युएट म्हणजे पायरी चढवला गेलेला. म्हणजे चार पिढ्यांत प्रवास असा झाला: काम करणारा, मग धर्मोपदेशक, मग अक्षरे काढणारा आणि आता नुसता जोडलेला. पगाराची श्रेणी वाढत गेली, शेपूट मात्र करणाऱ्याकडून केल्या गेलेल्याकडे सरकत गेले. पासबुक छापायचे मशीन नेहमीसारखेच अडकते, ती गोष्ट वेगळी.

हा सगळा इतिहास मला दिल्ली-लंडनात शोधावा लागला नाही. भांडुपात बसल्या जागी दिसतो. भांडुपेश्वर महादेवावरून गावाला नाव पडले असे म्हणतात. पण मध्य रेल्वेच्या प्रवाशाला त्याच्या शेवटचा ‘अप’ तेवढा ऐकू येतो, कारण सकाळी ज्या गाडीत चढायला मिळत नाही तिलाही अपच म्हणतात. गावाचा सर्वांत जुना थर ‘पाडा’ या शेपटाचा. टेंभीपाडा, तुळशेतपाडा, खिंडीपाडा. त्यावर पुढे ‘नगर’ आले. कोकण नगर, सर्वोदय नगर, उत्कर्ष नगर, प्रताप नगर. अलीकडे ‘हाइट्स’ आणि ‘रेसिडेन्सी’ आल्या आहेत. पत्ता ऐकला की माणूस कोणत्या दशकात भांडुपला आला ते सांगता येते, आणि कर्जाची रक्कम किती तेही.

माणसांचे शेपूट ‘कर’. मालवणकर, कुडाळकर, देवगडकर अशा मंडळींनी आमची टेकडी भरलेली आहे. इंग्रजीतले ‘अर’ही हेच काम करते, लंडनचा तो लंडनर. फरक इतकाच, की लंडनर पॅरिसला जाऊन राहिला की पॅरिसकर होतो, आणि कुडाळकर तीन पिढ्या भांडुपला राहून कुडाळकरच राहतो. माझ्या काउंटरवर आजवर एकही ‘भांडुपकर’ आलेला नाही. गणपतीला आणि शिमग्याला गाव रिकामे होते ते उगीच नव्हे.

आता या पाड्यांत इंग्रजी शेपूट पहिल्यांदा केव्हा आले? रेल्वेच्या इतिहासात एक नोंद आहे. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क हे भांडुपला आले होते, आणि मुंबईहून ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व भोर घाटांपर्यंत लोहमार्ग न्यावा, ही कल्पना त्यांना त्या मुक्कामात सुचली. म्हणजे हुद्द्याने इंजिनिअर, पण आडनावाने क्लार्क! एका क्लार्कला भांडुपात एवढी मोठी कल्पना सुचल्याचा हा पहिला दाखला; दुसरा अजून घडायचा आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन एकवीस तोफांच्या सलामीत पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ती गेली आमच्याच अंगणातून.

गाडीमागून कारखाने आले. आग्रा रोडच्या, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, दोन्ही अंगांना घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत धुराडी उभी राहिली. टायर, रंग, नट-बोल्ट, यंत्रांचे भाग. काय बनत नव्हते? आणि त्याबरोबर टेकडीवर ‘अर’चा सुकाळ झाला. फिटर, टर्नर, वेल्डर, मोल्डर, ग्राइंडर, पेंटर आणि सगळ्यांत खाली हेल्पर. ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘टर्नर आहे’ एवढे उत्तर मिळाले, की मुलीचा बाप पुढचा प्रश्न विचारण्याऐवजी चहा मागवी. गावाकडे ज्याला ‘अमक्याचा मुलगा’ एवढीच ओळख होती, त्याला या दोन अक्षरांच्या शेपटाने स्वतःची ओळख दिली. बापाच्या नावाने नव्हे, जातीच्या नावाने नव्हे, हातातल्या कामाच्या नावाने.

आणि मराठीने त्या शेपटाला परके ठेवले नाही. मास्टरचा मास्तर करून त्याला ‘ईण’ जोडली, मास्तरीण झाली. डॉक्टरला डॉक्टरीण मिळाली. ‘की’ लावून मास्तरकी आणि डॉक्टरकी झाली. इंग्रजी शेपटावर मराठी शेपूट. असा दुहेरी शेपटाचा प्राणी प्राणिशास्त्रातही सापडायचा नाही. आता तर कॉलेजातली मुले इंग्रजी ‘एबल’ उचलून मराठी क्रियापदांना डकवतात. सिनेमा ‘बघणेबल’, वडापाव ‘खाणेबल’. शुद्धलेखनवाल्यांनी खुशाल कानांवर हात ठेवावेत. पण ज्या भाषेला दुसऱ्याचे शेपूट घेऊन आपले तोंड लावता येते, ती भाषा मरायला टेकली आहे यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

शेपटांतले सर्वांत बिलंदर दोन मात्र अजून सांगायचे आहेत: ‘शन’ आणि ‘मेंट’. ही दोन्ही लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली. त्यांचे काम एकच. क्रियेला धरायचे, तिच्यातून करणारा काढून टाकायचा आणि उरलेल्याची वस्तू करून टेबलावर ठेवायची. मराठी मध्यमवर्गाचे सगळे आयुष्य ‘शन’मध्ये बसते. ॲडमिशन, डोनेशन, ट्युशन, प्रमोशन, टेन्शन, ऑपरेशन, पेन्शन. यांतले एकही आपण ‘करीत’ नाही, नुसते ‘होते’. मुलाची ॲडमिशन ‘होते’, बापाचे ऑपरेशन ‘होते’. डोनेशन तर होतही नाही. ‘द्यावे लागते’, आणि कोणी मागितले ते कोणालाच आठवत नाही.

‘मेंट’चेही तसेच. पेमेंट, स्टेटमेंट, इन्स्टॉलमेंट, सेटलमेंट. आमच्या बँकेचा श्वासच तो. चाळ पाडून उभी राहते ती अपार्टमेंट. हा शब्द मुळात ‘वेगळे करणे’ या अर्थाच्या इटालियन शब्दापासून निघाला. सामाईक गॅलरीतून उठवून माणसांना वेगवेगळ्या दारांआड बसवले, त्याचे इतके प्रामाणिक नाव दुसरे सापडले नसते.

पण माझ्या घरात ‘मेंट’ आला तो निराळाच. माझे वडील टर्नर. आमच्याच रस्त्यावरच्या एका कारखान्यात त्यांनी तेवीस वर्षे लेथ चालवली. ‘जॉब’ या शब्दाचा अर्थ नोकरी असा होतो हे मला पुष्कळ उशिरा कळले. आमच्या घरात जॉब म्हणजे लेथवर लावलेला लोखंडाचा तुकडा. “आज जॉब फार कडक होता,” असे म्हणत ते घरी येत आणि बोटांतली कीस चिमट्याने काढत बसत. १९८२ च्या जानेवारीत गिरणगावात संप सुरू झाला आणि हळूहळू तिकडची धुराडी विझली. आमच्या बाजूला टाळी लागायला आणखी काही वर्षे लागली. मग एक दिवस वडिलांच्या हाती पत्र आले. इंग्रजीतले होते, म्हणून वाचायला मला दिले. विषयाच्या जागी एकच मोठा शब्द होता: रिट्रेंचमेंट.

मी तेव्हा शाळेत होतो. शब्दकोश काढून अर्थ पाहिला. ‘कपात’ असे लिहिले होते. कोणी केली? पत्रभर शोधले. परिस्थिती आढळली होती, निर्णय घेतला गेला होता, सेवा आवश्यक राहिल्या नव्हत्या, हिशेब केला जाणार होता. सगळे काही झाले होते आणि कोणीही काही केले नव्हते. गंमत म्हणजे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यात मालकाचा स्पष्ट उल्लेख होता: मालकाने कामगाराची सेवा संपवणे. कायद्याने ठेवलेला हा ‘ने’ कायद्यातून पत्रात येईपर्यंत कुठे गळाला, ते कळले नाही.

आईने विचारले, “काय लिहिलंय?” मी म्हणालो, “रिट्रेंचमेंट झालीय.” तिला अर्थातच काही कळले नाही. वडिलांनी चप्पल काढता काढता एका वाक्यात भाषांतर केले.

“कंपनीनं मला कमी केलं.”

तर्खडकरांच्या व्याकरणाचा प्रत्यय मला आला तो त्या दिवशी. कंपनी-ने. मला. कमी केलं. पानभर इंग्रजीत जे दडले होते, ते मराठीने दोन शेपटांत उघडे केले. ‘ने’ म्हणजे कोणी केले आणि ‘ला’ म्हणजे कोणाला झाले. लंडनच्या वकिलांनी ‘अर’ आणि ‘ई’ जमवायला तीनशे वर्षे फ्रेंच घोकले. आमच्या तिसरी-चौथीच्या पोरांना ते पाढ्यात पाठ असते. रामाने रावणाला मारले. कोणी कोणाला, ते विचारावे लागत नाही. रामायण इंग्रजी पत्राच्या भाषेत लिहिले असते, तर ‘लंकेत एक एलिमिनेशन झाले’ एवढेच कळले असते आणि बिभीषणावर संशय आला असता.

आपणही काही कमी नाही म्हणा. इंग्रजी पत्रांचे भाषांतर करता करता आपल्या कचेऱ्यांनी ‘ण्यात येत आहे’ हे शेपूट शोधून काढले. पाणी बंद ठेवण्यात येत आहे, अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. कोण करतो आहे? कोणी नाही, आकाशातून येत आहे. राज्यव्यवहारकोश फारसी शेपटांसाठी केला गेला. हे एक शेपूट तोडणारा कोश अजून कोणी केलेला नाही.

कारखाने गेले आणि त्यांच्या जागांवर मॉल आणि मनोरे आले. टेकडीवरच्या टर्नर-फिटरांच्या मुलांना कामे मिळाली नाहीत असे नाही. पण शेपटे गेली. मॉलच्या दारात उभा असतो त्याला आपण वॉचमनही म्हणत नाही. “ए सिक्युरिटी, गाडी कुठं लावू?” जेवण घेऊन येतो त्याला “डिलिव्हरी आली का?” विचारतो. फरशी पुसतो तो ‘हाउसकीपिंग’. टर्नर म्हणताना निदान शेवटी एक माणूस तरी उरत होता. ‘इटी’ आणि ‘इंग’ हे भाववाचक नामांचे प्रत्यय. त्यांत नुसते काम उरते, माणूस उरत नाही. भाववाचक नामाला भूक लागते हे व्याकरणात कुठे सांगितलेले नाही, म्हणून त्याला कोणी पाणी विचारत नाही.

कंपन्या त्या डिलिव्हरीवाल्याला कागदावर ‘पार्टनर’ म्हणतात. वा! ‘अर’ परत आला. पण बी. कॉम.च्या माणसाला असे फसवता येत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे पार्टनर तो, जो नफ्यात वाटेकरी असतो. हा पार्टनर पावसात भिजण्यात वाटेकरी, पेट्रोलमध्ये वाटेकरी, गिऱ्हाइकाच्या शिव्यांत तर शंभर टक्के. नफ्याच्या रकान्यापाशी त्याचे शेपूट तुटते. पूर्वीच्या हेल्परला निदान प्रॉव्हिडंट फंड तरी होता.

मध्यंतरी खातेदारांची माहिती नव्याने भरून घ्यायची टूम निघाली. वडिलांचे खाते आमच्याच शाखेत. मी फॉर्म घरी नेला. ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी आल्यावर मी म्हणालो, “रिटायर्ड लिहितो.”

“रिटायर्ड हा काय धंदा झाला?” वडील म्हणाले. “टर्नर लिही.”

“बाबा, तीस वर्षं झाली.”

“मग? लेथ विसरलो का मी?”

कॉम्प्युटरच्या यादीत टर्नर हा पर्यायच नाही. नोकरी, धंदा, शेती, गृहिणी, विद्यार्थी, निवृत्त आणि इतर. मनुष्यजात सातांत संपते. तेव्हा मी ‘इतर’ निवडले. कॉम्प्युटरने ताबडतोब ‘तपशील द्या’ म्हणून पुढे कोरी चौकट उघडली. तिच्यात मी टर्नर असे लिहिले. कॉम्प्युटरने ते विनातक्रार घेतले, साहेबांनी न वाचता मंजूर केले. आमच्या शाखेतला तो एकमेव टर्नर आहे.

तेव्हा वाचकहो, इंग्रजी प्रत्ययांचा सगळा अभ्यास करायला सवड नसेल, तर नाही केलात तरी चालेल. एवढेच करा. सोसायटीची नोटीस असो, शाळेचे पत्र असो, विम्याचा कागद असो की आमच्याच बँकेचे स्टेटमेंट असो, हातात पडला की पहिल्यांदा त्यात ‘ने’ शोधा. कोणी केले, ते लिहिलेले आहे का पाहा. ‘ने’ सापडला तर प्रश्न नाही, भांडायला माणूस मिळाला. आणि सगळा कागद ‘शन’, ‘मेंट’ आणि ‘ण्यात येत आहे’ यांनीच भरलेला असेल, ‘ने’ औषधालाही सापडत नसेल, तर खुशाल समजावे, की ‘ला’ आपल्यालाच लागलेला आहे.